दौलताबादचं बंड का टिकलं?

तुमचा प्रश्न असा आहे: स्पर्धा परीक्षेच्या पुस्तकात 'महंमद तुघलकाच्या लहरी कारभारामुळे दख्खनमधल्या सरदारांनी बंड केलं आणि १३४७ मध्ये बहमनी राज्य स्थापन झालं' एवढंच लिहिलंय, तर हे बंड नेमकं कोणी आणि का केलं, त्याला दख्खनच्या लोकांचा उठाव म्हणायचं का, आणि त्यामुळे आपल्या भागाला काय फरक पडला?

मध्ययुगीन दख्खनचा इतिहास बरीच वर्षं शिकवतोय. हे वाक्य दरवर्षी उत्तरपत्रिकांमध्ये जसंच्या तसं वाचतो. ते चूक नाही, पण त्यातून फारसं काही कळत नाही. महंमद तुघलकाच्या कारकिर्दीत (१३२५ ते १३५१) इतिहासकार वीस-बावीस बंडं मोजतात. सुलतान लहरी होता हे कारण त्या सगळ्यांनाच लागू पडतं. गुर्शास्पचं बंड मोडलं, मुलतानचं मोडलं, अवधच्या ऐन-उल-मुल्कचं मोडलं. खुद्द दख्खनमध्येच बिदरच्या नुसरतखानाचं आणि गुलबर्ग्याच्या अलीशाहचं बंड त्याआधी काही वर्षं मोडून काढलं होतं. मग १३४६ चं का मोडलं नाही? माझ्या मते खरा प्रश्न हा आहे. बंड का झालं याची कारणं पानभर सापडतात. बंड का टिकलं याची मात्र मोजकीच आहेत आणि ती जास्त बोलकी आहेत.

तुम्ही म्हणाल की बंगाल सुटला, मदुरा सुटली, वरंगळही सुटलं, मग देवगिरी सुटली यात नवल काय? नवल आहे. बंगाल आणि मदुरा दिल्लीपासून लांब होते, त्यांच्यावर पकड नेहमीच सैल राहिली. देवगिरी म्हणजे दौलताबाद ही सुलतानाने स्वतः उभी केलेली दुसरी राजधानी होती. ज्या गावावर त्याने सगळ्यात जास्त पैसा आणि माणसं ओतली, तेच हातातून गेलं.

पुढे जाण्याआधी साक्षीदारांबद्दल सांगतो, कारण उत्तर बरंचसं त्यांच्यावर अवलंबून आहे. झियाउद्दीन बरनी हा सुलतानाच्या दरबारात सतरा वर्षं राहिलेला माणूस. या मोहिमेच्या काळात तो छावणीत होता. त्याने पुस्तक पूर्ण केलं ते सुलतानाच्या मृत्यूनंतर, उतारवयात, दारिद्र्यात. त्याला हलक्या कुळातली माणसं मोठ्या पदावर बसलेली अजिबात खपत नाहीत. दुसरा इसामी. त्याने १३५० च्या सुमारास फारसी महाकाव्य लिहिलं आणि ते बंडातून निघालेल्या नव्या सुलतानाला, बहमनशाहला, अर्पण केलं. दिल्लीहून दौलताबादला हलवलं गेलेल्या काफिल्यात पोरवयातला इसामी आणि त्याचे नव्वदीतले आजोबा होते. आजोबा दिल्लीजवळ तिलपतलाच वारले. या माणसाने तुघलकाबद्दल चांगलं लिहावं ही अपेक्षाच चुकीची. मोरोक्कोचा प्रवासी इब्न बतूता याने दौलताबाद पाहिलं, किल्ल्यातल्या अंधारकोठड्यांमधल्या मांजरांहून मोठ्या उंदरांचं वर्णनही केलं, पण बंडाच्या आधीच तो इथून गेला होता. फिरिश्ता तर अडीचशे वर्षांनंतर विजापुरात बसून लिहितो. विद्यार्थ्यांना मी बरनी आणि इसामी एकाच प्रसंगावर शेजारी शेजारी ठेवून वाचायला लावतो. जिथे एकमेकांचे वैरी एकच गोष्ट सांगतात, तिथे पाय टेकवायला जागा मिळते.

आता मूळ गोष्ट. १२९६ मध्ये अलाउद्दीन खलजीने देवगिरी लुटली, १३१८ मध्ये मुबारक खलजीने हरपालदेवाला मारून यादवांचं राज्य खालसा केलं. पण खालसा म्हणजे लगेच ताब्यात असं नसतं. १३२६-२७ मध्ये गुलबर्ग्याजवळच्या सागरला सुलतानाचा आतेभाऊ बहाउद्दीन गुर्शास्प याने बंड केलं आणि तो कंपिलीच्या राजाकडे पळाला. त्याच सुमारास कोंढाण्यावर, म्हणजे आपल्या सिंहगडावर, नाग नायक नावाच्या कोळी सरदाराने सुलतानाच्या फौजेला कित्येक महिने झुंजवलं. दिल्लीहून हा मुलूख राखता येत नाही हे सुलतानाला दिसत होतं. दौलताबादला दुसरी राजधानी करण्याचा निर्णय या पार्श्वभूमीवर घेतलेला आहे. लहर म्हणून तो सोडून देता येत नाही. त्याची अंमलबजावणी क्रूर होती, हा वेगळा मुद्दा. दिल्लीतली झाडून सगळी माणसं हलवली असं आपण लहानपणी ऐकतो. प्रत्यक्षात हलवले गेले ते मुख्यतः दरबारी, सरदार, उलेमा, सूफी, कारागीर आणि त्यांची कुटुंबं. पुढे परत जायची मुभा मिळाल्यावर काही जण गेले, बरेच राहिले. खुलदाबादच्या दर्ग्यांकडे कधी गेलात तर या वस्तीचा थर दिसतो. बुर्हानुद्दीन गरीब, झैनुद्दीन शिराझी हे सूफी त्याच काळातले.

म्हणजे १३४० च्या आसपास दौलताबादेत काय होतं ते पाहा. तटबंदीचं शहर होतं, डोंगर तासून केलेला अजिंक्य म्हणावा असा बालेकिल्ला होता, टांकसाळ होती. फारसी जाणणारे कारकून आणि काझी होते, सैनिकी घराणी होती, आणि वीसएक वर्षांत इथेच वाढलेली, दिल्ली न पाहिलेली एक पिढीही होती. राज्य चालवायला लागतं ते सगळं इथे होतं. फक्त राजा दुसरीकडे होता.

बंड करणारे कोण, तर अमीरान-ए-सदा. ढोबळमानाने शंभर गावांचा किंवा शंभर स्वारांचा अधिकारी असं समजा. यांच्यात अफगाण होते, मोंगल होते, तुर्क होते. दरबारातले बडे सरदार हे नव्हेत. गावागावातून सारा गोळा करणं, ठाणी सांभाळणं आणि वेळ पडली तर स्वार घेऊन हजर होणं हे यांचं काम. मधल्या फळीतले, पण जमिनीला चिकटलेले. सुभेदार बदलले तरी हे तिथेच राहायचे. कुठल्या पाटलाने किती दडवलंय हे त्यांना ठाऊक असायचं, सुभेदाराला नव्हे.

आता पैशाकडे या. हे बंड समजून घ्यायला धर्म आणि स्वभाव यांच्या आधी महसूल बघावा, असं मी नेहमी सांगतो. दख्खनमधल्या आधीच्या एका बंडाचं मूळही पैशातच आहे. बिदरच्या नुसरतखानाने एक कोट टंक्यांचा (टंका म्हणजे त्या काळचं नाणं) वसुलीचा मक्ता घेतला, तो भरता येईना, शिक्षा दिसायला लागली आणि तो उलटला. अशा मुलुखात दौलताबादचा सुभेदार कुतलुघखान होता. तो सुलतानाचा एकेकाळचा शिक्षक आणि लोकांना बऱ्यापैकी मानवलेला माणूस होता. त्यालाच १३४४-४५ मध्ये दिल्लीला परत बोलावलं. तक्रार अशी की त्याच्या हाताखालची माणसं महसूल खातात, वसुली घटली. बरनी सांगतो की मराठी मुलुखाचे चार विभाग पाडले, त्यांच्यावर कडक वसुलीची माणसं नेमली आणि सहा-सात कोट टंक्यांची आकारणी धरली. कुतलुघखान गेल्यावर इथले लोक धास्तावले, हेही बरनीच सांगतो, आणि तो सुलतानाचा माणूस आहे. त्याच्या जागी तात्पुरता त्याचा भाऊ निजामुद्दीन बसवला. आणि एक बारीकसा हुकूम सुटला, ज्याच्याकडे बहुतेक पुस्तकं लक्ष देत नाहीत. कुतलुघखानाने जमवलेला खजिना माळव्यातले रस्ते असुरक्षित असल्यामुळे दिल्लीला नेता येत नव्हता, म्हणून तो दौलताबादच्या डोंगरी किल्ल्यात, धारागिरीत, ठेवून द्यायचं ठरलं.

हा खजिना लक्षात ठेवा.

त्याच सुमारास माळव्यात धारला अझीझ खम्मार नावाचा अधिकारी नेमला गेला. बरनी त्याचा उल्लेख दारू गाळणाऱ्याच्या घरातला म्हणून शिव्या घालतच करतो, तेव्हा त्या मजकुरातून थोडा राग वजा करून वाचा. पण घडलं ते नाकारता येत नाही. सदा अमीर हेच सगळ्या गडबडीचं मूळ, असा सुलतानाचा पक्का समज झाला होता आणि तो अझीझच्या कानावर घातलेला होता. अझीझने धारच्या ऐंशीच्या वर अमीरांना पकडून त्यांची मुंडकी उडवली. सुलतानाने त्याला खिलत म्हणजे मानाचा पोशाख आणि शाबासकीचं फर्मान पाठवलं, दरबाऱ्यांनाही अभिनंदनाची पत्रं लिहायला सांगितलं. माझ्या दृष्टीने सगळ्यात मोठी घोडचूक ही. गुन्हेगार अमीरांना शिक्षा झाली असती तर बाकीचे गप्प बसले असते. इथे अमीर असणं हाच गुन्हा ठरला, आणि वरून त्याची जाहिरात केली.

परिणाम लगेच दिसला. गुजरातेत डभई आणि बडोद्याच्या सदा अमीरांनी उठाव केला, दिल्लीकडे निघालेला खजिना आणि घोडे लुटले. त्यांच्यावर चालून गेलेला अझीझ मारला गेला. १३४५ च्या सुरुवातीला सुलतान स्वतः दिल्लीहून निघाला. तो पुन्हा दिल्ली पाहणार नव्हता. त्याने गुजरातचं बंड मोडलं, भडोचला तळ ठोकला, थकलेला सारा सक्तीने वसूल केला. भडोचचे जे अमीर सैन्यात सामील होते, त्यांतल्या बहुतेकांना नर्मदाकाठी मारण्यात आलं. वाचले ते काही दौलताबादकडे पळाले, काही बागलाणात साल्हेर-मुल्हेरच्या मानदेव राजाकडे. या मानदेवाने आश्रय द्यायचं सोडून त्यांनाच अडकवलं आणि त्यांचं जडजवाहीर काढून घेतलं.

आता दौलताबादच्या अमीराच्या जागी स्वतःला ठेवा. धारची बातमी आहे, नर्मदेची बातमी आहे, पळून आलेले भाऊबंद घरात बसलेत आणि डोळ्यांनी पाहिलेलं सांगतायत. सुलतानाचे दोन चौकशी अधिकारी शहराकडे निघाल्याची कुणकुण आहे. अशात भडोचहून हुकूम येतो: नामांकित सदा अमीर आणि पंधराशे स्वार माझ्याकडे पाठवा. न्यायला दोन सरदारही आले, त्यांतला एक कवी अमीर खुसरोच्या नात्यातला. अमीर निघाले. पहिल्याच मुक्कामावर त्यांनी आपसात विचार केला, सोबतच्या सरदारांना मारलं आणि घोडी मागे वळवली. बरनीसुद्धा त्यांची भीती खोटी होती असं म्हणत नाही.

दौलताबादला परतून त्यांनी निजामुद्दीनला कैद केलं, धारागिरीतला खजिना काढला आणि तो शिपायांत वाटला. जो खजिना दिल्लीला जाऊ शकला नाही, त्यातून बंडाचं पहिलं वेतन निघालं. मग त्यांनी आपल्यातल्याच एका वयस्क अफगाणाला, इस्माईल मुखला, नासिरुद्दीन ही पदवी देऊन गादीवर बसवलं. त्याच्या नावाची तांब्याची दुर्मीळ नाणीही मिळालेली आहेत. हसन नावाच्या अमीराला जफरखान हा किताब मिळाला. हा हसन म्हणजे पुढचा बहमनशाह. थोडक्यात, बंडाला पहिल्या आठवड्यातच राजधानी, किल्ला, पैसा आणि सुलतान मिळाला. नाग नायकाकडे यातला फक्त किल्ला होता. नुसरतखानाकडे तर किल्ल्यातही फार काळ टिकण्याची सोय नव्हती.

सुलतान चालून आला आणि मैदानी लढाईत त्याने बंडखोरांना साफ हरवलं. हे पुस्तकांत बहुधा येत नाही. रणांगणावर हे बंड हरलेलं होतं. त्यानंतरचा त्यांचा निर्णय मात्र फार शहाणपणाचा होता. इस्माईल खजिना घेऊन बालेकिल्ल्यात कोंडून बसला आणि बाकीचे आपापल्या ठाण्यांवर पांगले. हसन गुलबर्ग्याकडे गेला. आता सुलतानाला एकच शत्रू चिरडून भागणार नव्हतं. वेढाही चालवायचा आणि पाठलागही करायचा. वेढ्यासाठी तो दौलताबादेत राहिला आणि पाठलागासाठी इमाद-उल-मुल्क सरतेझला दक्षिणेकडे पाठवलं.

तेवढ्यात गुजरातेत तघी नावाच्या एका गुलाम सरदाराने बंड केलं. सुलतान वेढा दुसऱ्यांवर सोपवून त्याच्यामागे गेला. इथे मला सुलतानाचा स्वभाव कारण म्हणून मान्य आहे. मोहिमेपेक्षा माणसाच्या मागे लागायची त्याची सवय होती. तघी आज इथे तर उद्या तिथे असा हुलकावण्या देत राहिला आणि सुलतान त्याच्या पाठीवर गुजरातेतून सिंधपर्यंत गेला. २० मार्च १३५१ ला ठट्ट्याजवळ तो आजाराने मेला. या मोहिमेतलाच एक संवाद बरनीने नोंदवलाय. सुलतान त्याला म्हणतो की माझं राज्य आजारी पडलंय आणि एका दुखण्यावर औषध द्यावं तर दुसरं उफाळून येतं. बरनीने आडवळणाने सुचवलं की जुन्या राजांनी अशा वेळी गादी सोडली होती. सुलतानाने ते ऐकून घेतलं, केलं काहीच नाही.

इकडे हसनने वरंगळच्या कापय नायकाची मदत घेतली आणि सरतेझला लढाईत मारलं. ती बातमी पोहोचताच वेढा उठला, दिल्लीची फौज गुजरातच्या दिशेने मागे हटली. इस्माईल किल्ल्यातून खाली उतरला आणि त्याने हसनसाठी गादी सोडली. ३ ऑगस्ट १३४७ ला हसन अलाउद्दीन बहमनशाह झाला. राज्यारोहण दौलताबादच्या मोठ्या मशिदीत झालं असं परंपरा सांगते. इस्माईल राजीखुशीने उतरला की उतरवला गेला यावर वाद घालता येतो. वय झालं म्हणून त्याने स्वतःहून सोडली असं सांगितलं जातं, पण पुढे कटाच्या आरोपावरून बहमनशाहनेच त्याला मारलं. तेव्हा तुम्हीच काय ते समजा. मात्र निर्णायक क्षणी बंडखोरांमध्ये गादीवरून यादवी झाली नाही हे खरं, आणि ते त्या काळात दुर्मीळ आहे.

इथवरचं एका दमात सांगायचं तर: धास्तीने बंड पेटलं, दौलताबादने त्याला घर दिलं, अडकून पडलेल्या खजिन्याने पोसलं, आणि तघीने त्याला श्वास घ्यायला उसंत दिली. शिवाय सुलतानाचं सैन्य दहा वर्षांपूर्वीच अर्धं खचलेलं होतं. मदुरेवर जाताना वरंगळला साथीने त्याची फौज कापली गेली होती, पाठोपाठ उत्तरेत दीर्घ दुष्काळ पडला. तीच फौज पुन्हा उभी राहिली असती तर कदाचित वेगळं घडलं असतं.

दुसरा प्रश्न, हा दख्खनच्या लोकांचा उठाव का. नाही. आणि 'परदेशी सरदारांची लुटालूट' असंही नाही. बंडाचे नेते उत्तरेतून आलेल्या सैनिकी घराण्यांतले होते, मराठी किंवा कानडी रयतेने त्यांना निवडलेलं नव्हतं. पण त्यांचं हित आता या मातीत अडकलं होतं. कुटुंब इथे, उत्पन्न इथे, आणि दिल्लीकडे बघितलं की दिसायचा तो मागणीचा आकडा किंवा जल्लाद. धर्माची बाजू लावायला गेलात तर उत्तर आणखी घसरेल. कापय नायकाने हसनला मदत केली, कारण तुघलक परत आला तर वरंगळही जाणार होतं. मानदेवाने बंडखोरांना लुबाडलं. आणि गादी स्थिर झाल्यावर बहमनशाहने त्याच कापय नायकाकडून कौलासचा किल्ला घेतला, तर त्याच्या मुलाने पुढे गोवळकोंडा घेतला. जो तो आपला मुलूख पाहत होता. रयतेपुरतं बोलायचं तर इतकंच म्हणता येतं की जाचक वसुलीमुळे दिल्लीच्या बाजूने उभं राहायला कोणालाच कारण उरलं नव्हतं.

गंगू ब्राह्मणाची गोष्ट तुम्ही प्रश्नाच्या शेवटी एका ओळीत विचारली आहे. हसन गंगूच्या शेतात राबत होता, नांगराला सोन्याचा हंडा लागला, त्याने तो प्रामाणिकपणे मालकाला दिला, आणि म्हणून राज्याला बहमनी नाव पडलं. ही फिरिश्ताची गोष्ट. हसनच्या दरबारातला इसामी ती सांगत नाही. नाण्यांवर बहमनशाह आहे आणि त्याचा संबंध इराणी आख्यायिकेतल्या बहमन राजाशी लावला जायचा. परीक्षेत लिहायची तर 'आख्यायिका' हा शब्द घालून लिहा.

आता परिणाम. दिल्लीच्या बाजूने परिणाम सरळ आहे. नर्मदेखालचा मुलूख गेला तो जवळजवळ अडीचशे वर्षं परत मिळाला नाही. फिरोजशाह तुघलकाने दख्खनचा नाद सोडला, बोलावणी येऊनही तो आला नाही. दिल्लीच्या गादीवरून पुन्हा कोणी इथे कायमचा पाय रोवायला आलं ते अकबराच्या काळात.

दख्खनच्या बाजूने मात्र गुंतागुंत आहे. बहमनशाहने राजधानी गुलबर्ग्याला नेली. दौलताबाद, वऱ्हाड, बिदर आणि गुलबर्गा असे चार तरफ म्हणजे प्रांत पुढे स्थिर झाले. विजयनगर आणि बहमनी ही दोन्ही राज्यं तुघलकांच्या मोडतोडीतून दहा-बारा वर्षांच्या अंतराने निघाली. मग कृष्णा-तुंगभद्रेच्या दुआबासाठी ती पिढ्यानपिढ्या भांडत राहिली. जे अमीर इथे स्थायिक झाले त्यांचे वंशज 'दख्खनी' म्हणून ओळखले जाऊ लागले, त्यांची बोली दख्खनी झाली. नंतर इराण, अरबस्तानातून नवे लोक आले तेव्हा दख्खनी विरुद्ध आफाकी (म्हणजे बाहेरून आलेले) असा झगडा उभा राहिला आणि त्याने राज्य पोखरलं. १४८१ मध्ये महमूद गावानसारख्या वझिराचा जीव घेणाऱ्या कटामागे हाच वाद होता. १४९० च्या आसपास अहमदनगर, विजापूर आणि वऱ्हाड हे वेगळे झाले, पाठोपाठ बिदर आणि गोवळकोंडा.

महाराष्ट्रापुरतं मला यातलं सगळ्यात महत्त्वाचं काय वाटतं? सत्तेचं केंद्र जवळ आलं. राजा दिल्लीत असताना देशमुख, देशपांडे, पाटील, कुलकर्णी यांच्याशी बोलायची त्याला गरज नव्हती, मधला अमीर बोलायचा. गुलबर्गा, बिदर, नंतर अहमदनगर आणि विजापूरचे सुलतान स्थानिक वतनदारांशिवाय एक वर्षही सारा वसूल करू शकत नव्हते. विजापुरात पहिल्या इब्राहिम आदिलशाहने हिशेबाच्या दफ्तरात फारसीऐवजी इथली भाषा आणि ब्राह्मण कारकून आणले, ते या अवलंबनातूनच. मालोजी आणि शहाजी निजामशाहीत वर आले तेही अशा दरबारात, जिथे स्थानिक पथकं लागतच होती. १३४७ ने मराठ्यांचं राज्य घडवलं असा सरळ दोरा मी ओढणार नाही, मध्ये तीनशे वर्षं आणि असंख्य अपघात आहेत. पण दिल्लीचा अंमल टिकला असता तर या वतनदारांना वर चढायला जी शिडी मिळाली ती मिळाली नसती, एवढं मी ठामपणे म्हणेन.

रयतेला फायदा झाला का? एका वाक्यात नाही सांगता येत. कोट्यवधींच्या आकारणीचं भूत गेलं, पण विजयनगरशी होणाऱ्या लढायांचा खर्च तिच्याच बोकांडी बसला. सीमेवरच्या गावाचं उत्तर आणि घाटमाथ्यावरच्या गावाचं उत्तर वेगळं येईल.

माझ्या म्हणण्याची एक परीक्षाही इतिहासाने घेतलेली आहे. १३६६ च्या सुमारास पहिला मुहम्मदशाह बहमनी विजयनगरच्या मोहिमेत गुंतलेला असताना दौलताबादेत बहरामखान माझंदरानीने बंड केलं. डोंगरी किल्ला तोच, शहर तेच, सोबतीला एक मराठा सरदार, बागलाण आणि वऱ्हाडकडूनही पाठबळ. राजा लांब, हेही तसंच. पण या वेळी राजाने हातातली मोहीम आटोपली आणि मोजक्या स्वारांनिशी तो थेट पैठणपर्यंत आला. बंडखोरांची फळी तिथेच फुटली. बहरामखान दौलताबादला पळाला. झैनुद्दीन शिराझींनी त्याला किल्ल्यात अडकून बसू नकोस, गुजरातेत निघून जा असा सल्ला दिला आणि त्याने तो मानला. १३४७ मध्ये किल्ल्याच्या पायथ्याशी बसलेला सुलतान गुजरातकडे निघून गेला होता. १३६६ मध्ये गुजरातकडे जावं लागलं ते बंडखोराला.